शेवंताची रगती

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही. वडिलांजवळ नाही, मंडळातल्या सोबत्यांजवळ तर नाहीच. एकदा वहीत लिहायला घेतलं होतं — अर्धं पान झालं, आणि जिन्यावर पाऊल वाजल्यासारखं वाटलं म्हणून फाडून चुलीत घातलं. कुणी आलं नव्हतं. तरीही जळून राख होईपर्यंत तिथंच बसून राहिले.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? सोलापुरात राहत असाल तर माझं एखादं पत्रक तुमच्या हातात पडलं असेल. भोंदू बाबांवरचं, हुंड्यावरचं, जत्रेतल्या बोकडांवरचं. त्यांत मी इतरांच्या खोटेपणावर किती आणि काय काय लिहिलं आहे! तेव्हा आधी हे ऐका.

माझे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. घरात पुस्तकं फारशी नव्हती, पण पत्रकांचे गठ्ठे असत — संपाची, सभांची, दारूबंदीची. जेवायला बसताना खाली अंथरायलाही तीच. मी अक्षरं शिकले ती त्यांवर. त्यामुळे एक गोष्ट माझ्या मनात लहानपणीच पक्की बसली: जे छापलं ते खरं. उलट नव्हे. खरं असेल ते छापायचं, असं नाही — छापलं की ते खरं होतं. हा फरक मला फार उशिरा कळला. कळला तेव्हा —

थांबा, क्रमानं सांगते.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. मी तेवीस वर्षांची होते. आमचं सहाजणांचं मंडळ होतं, आणि त्या वर्षी आम्ही जत्रांमधल्या बोकडबळीविरुद्ध उठलो होतो. मंद्रूपच्या रस्त्याला, शहराच्या कडेला, एक वस्ती होती. मेंढरं-शेरडं राखणारी माणसं. पुरुष कळप घेऊन लांब जात, बाया मागं राहून मिळेल ते काम करत. तिथं मी दर आठवड्याला जायची. पत्रं लिहून द्यायची, अर्ज भरून द्यायची. वस्तीतल्या हिराक्काच्या मुलाचं रेशनकार्ड मी तीन खेपा घालून करून आणलं होतं, तेव्हापासून त्या घरात माझा शब्द खाली पडत नसे.

हिराक्का पन्नाशीची. काटक, तोंडाळ, तंबाखू चघळत बोलणारी. तिची सून शेवंता — वीस-एकवीसची असेल. एक तीन वर्षांची मुलगी होती, आणि त्या वर्षी पावसाळ्यात पुन्हा दिवस गेले होते. शेवंता पांढरी पडलेली. नुसती गोरी नव्हे, पांढरी — ओठसुद्धा. चार पावलं चालली की धाप. आणि चुलीची भाजलेली माती खायची, लपून. मी एकदा पकडलं तर तोंडावर हात धरून हसली. म्हणाली, "तुमी खाऊन तर बगा ताई, पावसाचा वास येतो."

हिराक्का तिला रगती करून घालायची. तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते: बोकड कापताना रक्त ताटात धरायचं, मीठ घालून गोठू द्यायचं, मग वड्या पाडून उकळून, कांदा-तिखटावर परतायच्या. हिराक्काचा भाऊ मंद्रूपच्या बाजारात खाटकाचं दुकान लावायचा. बाजारच्या दिवशी तो बसवाल्याच्या हाती डबा धाडायचा — रगती, थोडी कलेजी. डबा आला की शेवंता चुलीपुढून हलायची नाही.

मला ते बघवत नसे. हेही सांगायलाच हवं. आमच्या घरी मटण शिजत नव्हतं. मी तत्त्वाची भाषा बोलत होते — अंधश्रद्धा, हिंसा, शोषण — आणि खाली, अगदी तळाशी, साधी किळस होती. तव्यावरच्या त्या काळ्या वड्यांची किळस. ती माझ्या तत्त्वांच्या आड किती वर्षं लपून बसली होती, कोण जाणे. मी कधी तिला बाहेर काढून पाहिलंच नाही.

पावसाळा सरता सरता मंडळानं एका डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बायकांच्या अशक्तपणावर पत्रक काढायचं होतं, म्हणून आम्हा कार्यकर्त्यांना आधी त्यांनी समजावून सांगावं, असं ठरलं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत त्या फळ्यावर आतड्याचं चित्र काढून तासभर बोलल्या. मी एक एक शब्द टिपून घेत होते.

त्या म्हणाल्या, लोह सगळीकडे आहे, भाजीत आहे, बाजरीत आहे. पण खाल्लेलं लोह आणि अंगी लागलेलं लोह यांत फार अंतर असतं. भाजीतलं लोह सुटं असतं. पोटात गेलं की भाकरीतला कोंडा त्याला धरतो, जेवणावर प्यायलेला चहा धरतो, आणि आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचून आत शिरतं ते अगदी थोडं. रक्ता-मांसातलं लोह वेगळं. ते एका कड्याच्या मधोमध बसलेलं असतं. त्या कड्याला हीम म्हणतात. आतड्याची पेशी ते कडं लोहासकट, जसंच्या तसं आत घेते. आत गेल्यावर मग ते कडं फुटतं आणि लोह मोकळं होऊन रक्ताकडे जातं. बाहेर कोंड्याला त्याला धरता येत नाही, चहाला अडवता येत नाही. आमचे चेहरे बघून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "असं समजा की सुटा माल प्रत्येक जकात नाक्यावर अडतो. हीम म्हणजे सीलबंद गाडी. ती थेट गोदामात जाऊन उघडते."

मी विचारलं — माझा आवाज चढला होता, मला आठवतं — म्हणजे भाजीपाल्याचा उपयोगच नाही का? त्या म्हणाल्या, आहे की. वर लिंबू पिळा, जेवताना चहा नको. न खाणाऱ्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ. पण ज्या घरात कलेजी, रगती खातात, तिथं गरोदर बाईची ती बंद करू नका. तिच्यासाठी ते औषध आहे. थोडं मटण भाजीबरोबर गेलं तर भाजीतलं लोहसुद्धा जास्त लागतं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तू लिहिणार आहेस ना? हे नीट लिही बरं."

मी नीट लिहून घेतलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यात सगळं बरोबर आहे — कडं, पेशी, कोंडा, चहा. मला समजलं नव्हतं असं नाही. हे पुन्हा सांगते, कारण हीच पळवाट मी स्वतःला कितीदा देऊ पाहिली: मला समजलं नव्हतं असं नाही.

आणि मग मी पत्रक लिहायला बसले. महिन्यावर जत्रा आलेली. मनात एकच घोळ — हे छापलं तर जत्रेतले पंच आमचंच पत्रक आमच्या तोंडावर फडकावतील. बघा, तुमचीच डॉक्टरीण सांगतेय, रगती औषध आहे! वर्षभराची मोहीम एका परिच्छेदानं पाण्यात. तेव्हा तो परिच्छेद मी गाळला. गाळणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, असं म्हणता येतं ना? मीही म्हणाले. पण गाळलेल्या जागी एक भोक दिसायला लागलं. म्हणून तिथं एक वाक्य घातलं. ते जसंच्या तसं देते: "डॉक्टरांचे स्पष्ट मत आहे की, बोकडाच्या रक्तात असे काहीही नाही, जे पालेभाजीत मिळत नाही."

वडिलांनीच ते जुळवलं. वाचून म्हणाले, "चांगलं वाक्य आहे." मला अभिमान वाटला. डॉक्टरीणबाईंकडे प्रत पाठवायची होती. मी पाठवली नाही.

आता शपथेचं सांगते.

पत्रक वाटून कुणी सुधारत नाही, हे आम्हाला दोन वर्षांत कळून चुकलं होतं. माणसं ऐकत, मान डोलवत, आणि जत्रेला बोकड नेत. तेव्हा मी मंडळात सुचवलं, यांना शपथ घालू या. बिरुबाची. देव न मानणारे आम्ही सहाजण, आणि वस्तीतल्या देवळापुढं माणसांना भंडारा, देवाची हळद, हातात उचलायला लावायचा! एकानं विचारलं, हे बरोबर आहे का? मी म्हणाले, काट्यानं काटा काढायचा. किती हुशार वाटले होते मी मला.

देवळापुढं मी पत्रक मोठ्यानं वाचलं. त्या वाक्याशी आले तेव्हा हिराक्का मधेच बोलली.

"म्हंजी माज्या आयनं आमाला रगती चारली, ती येडीच म्हनायची."

बाया हसल्या. एक म्हणाली, "येडी नसती तर तुला जल्माला घातली असती व्हय?"

हिराक्कानं तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि मला विचारलं, "डाक्टरीनबाई सवता बोलली का ह्ये?"

"हो," मी म्हणाले.

"छापलंय बी?"

मी कागद तिच्यापुढं धरला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या ओळींवरून बोट फिरवलं, जसं कापड पारखतात तसं. मग भंडारा उचलला. बोकड देणार नाही, आणि रगती-कलेजी घरात आणणार नाही. सुनेच्या वतीनंही तिनंच उचलला. शेवंता कडेला बसून बघत होती. 

त्या जत्रेला वस्तीतून एकही बोकड गेला नाही. आमचा सत्कार झाला. मी भाषण केलं.

आणि तिथून माझी झोप गेली. का, ते कुणाला सांगता येईना. वस्तीत गेले की मी शेवंताच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची — आत लाल आहे का. आधी फिकट गुलाबी होती, मग पिवळट, मग कागदासारखी. नखं बघायची. ती हसायची, "ताई, माजी नखं काय इकायला न्यायची हायत का?" मी लिंबं न्यायची, तांदळीच्या, शेपूच्या जुड्या न्यायची. चहा पिऊ नको म्हणून भांडायची. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, त्यांनी तिचं पोट दुखायचं. तिनं त्या शेजारणीला देऊन टाकल्या. थंडी गेली, ऊन तापलं, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात पालेभाजी ती कसली मिळणार? माती खाणं मात्र वाढलं. मी सगळं करत होते, बघा — एक सोडून सगळं.

सातव्या महिन्यात एकदा धीर केला. हिराक्का दारात ज्वारी निवडत होती, शेवंता उंबऱ्याला टेकून बसलेली. मी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आक्का, आता थोडी कलेजी दिली तर चालेल हिला."

हिराक्काचा हात थांबला. "चालंल कसं? बिरुबाम्होरं भंडारा उचललाय की. का कागद बदलला तुमचा?"

"नाही, म्हणजे — अशक्त आहे म्हणून म्हटलं."

"अशक्त हाय त्ये मला दिसतंय की. पर शप्पत ती शप्पत." मग सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ह्ये बगा ताई. कागुद खोटा निगाला, तर शप्पत बी खोटी. खोट्यावर घेतलेली शप्पत द्येव धरीत न्हाय. तसं काय आसंल तर सांगा. आत्ता भावाला सांगावा धाडते."

शेवंता हसत म्हणाली, "सांगा की ताई. मला तर सपनात दिसती रगती. लई दिस झालं."

दार उघडं होतं. तिनं स्वतःच्या हातानं उघडून दिलं होतं. तीन शब्द पुरले असते — कागद खोटा आहे. मी मनात ते तीन शब्द जुळवलेसुद्धा. आणि त्यांच्यामागून सगळं दिसू लागलं — मंडळ, सत्कार, वडिलांचं "चांगलं वाक्य आहे", जत्रेतले पंच, डॉक्टरीणबाई. 

"नाही," मी म्हणाले. "कागद बरोबर आहे."

हिराक्कानं पुन्हा सूप उचललं. शेवंता थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. तिला काही कळलं होतं का? मला आजही ठाऊक नाही. तो प्रश्न मला सोडत नाही.

बाळंतपणाला तिला शहरातल्या दवाखान्यात आणलं. मुलगा झाला, जेमतेम मुठीएवढा. आणि रक्त थांबेना. मी सकाळी पोचले तेव्हा त्याच डॉक्टरीणबाई खाटेपाशी होत्या. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली, आणि हिराक्काकडे वळल्या. म्हणाल्या, हिच्या अंगात रक्तच नाही, जराशा स्रावानंही ही खचणार. तुमच्यात तर मटण-कलेजी खातात. हिला देत होतात की नाही?

आजूबाजूला शेवंताच्या माहेरच्या दोन बाया उभ्या होत्या. मी हिराक्काच्या अगदी शेजारी. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल — ताईनं कागद वाचला, तुमीच सांगितलं म्हनून वाचला. 

ती म्हणाली, "न्हाय दिली बाई. म्याच बंद केली. माज्याच डोस्क्यानं."

डॉक्टरीणबाई चिडल्या. "सुनेला असं ठेवतात का, आजी?" एवढंच म्हणून त्या कामाला लागल्या.

ती मला वाचवत होती, की देवापुढं उचललेल्या भंडाऱ्याचा दोष स्वतःवर घेत होती, की तिला खरंच तसं वाटत होतं? मी विचारलं नाही. विचारायचं तर आधी मला बोलावं लागलं असतं. मी फळीवरचा तांब्या उचलून पाणी आणायला गेले, आणि नळापाशी भरलेला तांब्या घेऊन बराच वेळ उभी राहिले.

शेवंता दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

तुम्ही म्हणाल, रगती खाल्ली असती तरी वाचली असती असं कुठं आहे? बाळंतपणात धडधाकट बायाही जातात. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की त्याची चवच गेली. खरं असेलही. पण तिच्या अंगात थोडं जास्त रक्त असतं, तर तिला थोडा जास्त वेळ मिळाला असता — आणि तो मी काढून घेतला. हे मला ठाऊक आहे, फळ्यावरच्या त्या चित्रासह ठाऊक आहे.

माहेरच्या बायांनी दवाखान्यातलं बोलणं वस्तीत नेलं, मग मंद्रूपला, शेवंताच्या माहेरी. दहाव्याच्या आतच बोभाटा झाला — सासूनं सुनेला वाळवून मारली. माहेरची माणसं दोन्ही लेकरं घेऊन गेली. हिराक्का दोनदा मंद्रूपला गेली. दोन्ही वेळा तिला वेशीवरून परतवलं. वस्तीत बाया पाणवठ्यावर तिच्यासाठी जागा सोडत नाहीत. तिचा मुलगा कळपाबरोबर गेला तो तिच्याशी बोलत नाही.

मी मंद्रूपला गेले होते. हे कुणालाच ठाऊक नाही, हिराक्कालाही नाही. सगळं सांगायचं, असं ठरवूनच बसमध्ये चढले. पिशवीत पत्रक होतं, वहीही होती. घर सापडलं. शेवंताच्या आईनं मला ओळखलं, घोंगडं अंथरलं, चहा ठेवला. धाकटा झोळीत होता, जगला होता. मोठी माझ्या पिशवीचा बंद ओढत होती. मी म्हणाले, मला काही सांगायचंय. तेवढ्यात शेवंताचा भाऊ आला, आणखी चार माणसं आली, ओटा भरला. सगळी संतापलेली. म्हातारीचं नाव निघालं की शिव्या. मी पिशवीत हात घातलेला, कागद बोटांना लागत होता.

शेवंताची आई माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "ताई, तुमी तर तितं दर आटवड्याला जात व्हता. तुमी शिकल्याली, तुमी खोटं बोलनार न्हाय. माज्या लेकीला त्या म्हातारीनंच खाऊ दिलं न्हाय ना? समद्यांच्या म्होरं सांगा एकदा."

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणाले, "व्हय."

त्यांच्याच बोलीत म्हणाले. परकी वाटू नये म्हणून. मग चहा प्यायले, आणि चारच्या बसनं सोलापूरला आले.

लेकरं मंद्रूपलाच आहेत. हिराक्कानं त्यांना अजून पाहिलेलं नाही.